समुद्राकडे जाणारी वाट खुली आहे का, हे हॉटेल ठरवण्याआधी विचारावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पुण्याजवळच्या एका यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशासन विभागात मी नोकरी करते. विक्रेत्यांच्या वार्षिक परिषदेसाठी दरपत्रके मागवणे, हॉटेल निवडणे, करारावर सही करणे आणि परिषद संपेपर्यंत तिथे राहून सगळे सुरळीत पार पडते ना हे पाहणे, ही जबाबदारी गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या नोव्हेंबरमध्ये अशाच एका परिषदेच्या निमित्ताने दक्षिण गोव्यातील एका समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलात माझा चार दिवस मुक्काम झाला. त्या मुक्कामात जे दिसले, त्यावरून एक विनंती माझ्यासारखे काम करणाऱ्या सर्वांना आणि एक मागणी महाराष्ट्र शासनाकडे करावीशी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु विषय वाटेचा आणि उपजीविकेचा असल्याने तो दोन ओळींत मांडता आला नाही.

दक्षिण गोव्यात वेळसांवपासून मोबोरपर्यंत, म्हणजे साळ नदी जिथे समुद्राला मिळते तिथपर्यंत, सुमारे पंचवीस किलोमीटरचा वाळूचा पट्टा जवळजवळ सलग आहे. माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी ही सासष्टी तालुक्यातील गावे या पट्ट्याला लागून आहेत. भाताची खाचरे, मग माडांची बने, मग वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यापुढे समुद्र, अशी इथली जुनी रचना आहे. मोठी हॉटेले उभी राहिली ती बहुतांशी माडांची बने आणि वाळूच्या टेकड्या यांच्या दरम्यान. आमचे हॉटेलही असेच होते. रस्त्याच्या बाजूने शिरल्यावर समुद्र कुठेच दिसत नाही. कमळांचे तळे, लाकडी पूल, हिरवळ आणि कौलारू इमारती ओलांडून पाच-सहा मिनिटे चालले, की एकदम वाळू लागते. आमचे एकशे साठ प्रतिनिधी होते. त्यांच्यापैकी अनेकांनी, विशेषतः विदर्भ आणि मराठवाड्यातून आलेल्या काहींनी, समुद्र पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला आणि त्यांचा आनंद पाहून मलाही समाधान वाटले, हे मी प्रांजळपणे नमूद करते. हॉटेलच्या सेवेतही काही उणे नव्हते. खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्यांत सावंतवाडी आणि दोडामार्गकडची मुले होती. त्यांना तिथे नियमित पगार, राहण्याची सोय आणि पुढे बढतीची संधी मिळते, हे त्यांच्याशी बोलताना समजले. त्यामुळे समुद्रकाठी हॉटेल असूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मी किनाऱ्यावर फिरायला निघाले. माझे माहेर वेंगुर्ले तालुक्यातले असल्यामुळे समुद्रावर गेले की पाय आपोआप कोळ्यांच्या होड्यांकडे वळतात. हॉटेलच्या उत्तर हद्दीपासून थोड्या अंतरावर रापण ओढण्याचे काम चालू होते. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की होडीतून एक लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणतात आणि माणसांच्या दोन रांगा ते जाळे हळूहळू वाळूवर ओढून घेतात. आमच्या लहानपणी शाळेत जाण्यापूर्वी आम्ही मुले दोराला हात लावत असू, आणि हात लावणाऱ्याला वाटा द्यायचा, या रीतीप्रमाणे परकरात चार बांगडे घेऊन घरी येत असू. या मासेमारीला खोल समुद्रातील ट्रॉलरसारखे बंदर लागत नाही. तिला मोकळी वाळू लागते आणि वाळूपासून गावात जाणारी जवळची वाट लागते. यांपैकी एक जरी नाहीशी झाली, तरी रापण बंद पडते.

त्या दिवशी तारल्यांची रास पडली होती. मासळी पाट्यांत भरून बायका निघाल्या, परंतु त्या सरळ माडांच्या दिशेने न जाता वाळूवरून उत्तरेकडे चालू लागल्या. त्यांच्यातील साठीच्या आसपासची एक बाई मध्येच थांबली आणि हॉटेलच्या कुंपणाकडे गेली. तिथे एक लोखंडी फाटक होते, त्याला कुलूप होते आणि आतल्या बाजूला सुरक्षारक्षक उभा होता. तिने त्याला काहीतरी विचारले, त्याने हातानेच नकार दिला आणि ती परत फिरली. मी मालवणीत विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, "ही वाट आमची. म्हजी आवय हेच वाटेन वेळेर येताली." म्हणजे, माझी आई याच वाटेने किनाऱ्यावर यायची. आमच्याकडेही किनाऱ्याला वेळच म्हणतात, त्यामुळे तिचे म्हणणे समजायला मला काहीच अडचण आली नाही. पूर्वी वाड्यावरून, क्रुसाच्या बाजूने, माडांमधून थेट समुद्रावर येणारी पायवाट होती. हॉटेल झाले तेव्हा ती हद्दीच्या कडेने वळवून दिली, त्यावर फाटक बसवले आणि सुरुवातीला ते दिवसभर उघडे असे. नंतर ते संध्याकाळी बंद होऊ लागले, आणि आता पाहुण्यांच्या सुरक्षिततेचे कारण सांगून पर्यटनाच्या हंगामात सकाळीही उघडत नाहीत. पुढची मोकळी वाट साधारण दीड किलोमीटरवर आहे. भिजलेली मासळी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूतून दीड किलोमीटर चालणे म्हणजे काय, हे मला नीट ठाऊक आहे. तारली ही नाजूक मासळी असते. उन्हे चढण्याआधी ती रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षापर्यंत पोचली नाही, तर तिचा भाव उतरतो. म्हणजे त्या फाटकाच्या कुलपाची किंमत ती बाई रोज रोख पैशांत मोजत होती.

न्याहारीनंतर मी हॉटेलच्या व्यवस्थापकांना भेटले. ते अत्यंत सौजन्याने बोलले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. वाट अस्तित्वात आहे हे त्यांनी नाकारले नाही. मात्र काही वर्षांपूर्वी चोरीचे प्रकार झाले होते, पाहुण्यांच्या तक्रारी येतात, फाटकाची किल्ली सुरक्षा विभागाकडे असते आणि कोणी मागितली तर उघडून दिले जाते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. मी सकाळी जे पाहिले ते सांगितल्यावर त्यांनी चौकशी करण्याचे आश्वासन दिले. तिसऱ्या दिवशीही फाटक बंदच होते. चौथ्या दिवशी आमची परिषद संपली. वाळूवर, भरतीच्या रेषेच्या अगदी जवळ, आरामखुर्च्यांच्या रांगेपाशी "फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी" अशा अर्थाची एक पाटीही मी तिथे पाहिली. त्या खुर्च्या हॉटेलच्या असतील. वाळू हॉटेलची नाही.

इथे कायद्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक सुशिक्षित लोकांचाही असा समज असतो की पंचतारांकित हॉटेलसमोरचा किनारा त्या हॉटेलच्या मालकीचा असतो. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा आणि भरतीच्या रेषेखालील समुद्राचा तळ ही शासनाची, म्हणजे पर्यायाने लोकांची मालमत्ता आहे. किनाऱ्यावरील बांधकामाला आळा घालण्याचा विचार त्याहून वेगळा आणि नंतरचा. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे कळवले होते. त्यानंतर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे आपण ज्याला सर्रास सीआरझेड म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना निघाली. पुढे २०११ मध्ये आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिच्या जागी नव्या अधिसूचना आल्या.

या अधिसूचनेला समुद्रकाठच्या हॉटेलांविषयीचे एक स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यात इमारतीची उंची नऊ मीटरपेक्षा आणि मजले दोनपेक्षा जास्त नसावेत, वाळूच्या टेकड्या सपाट करू नयेत, भरतीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसू नये, अशा अटी आहेत. कुंपणाला परवानगी आहे, पण लोकांना किनाऱ्यावर जाण्यास अडथळा होणार नाही अशाच रीतीने. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्रावर जाता यावे म्हणून किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडावी, असे त्यात शब्दशः म्हटले आहे. वीस मीटर म्हणजे दोन मालमोटारी एकमेकींशेजारून सहज जातील आणि तरीही जागा उरेल, एवढी रुंदी. मी पाहिलेले फाटक एका माणसापुरते होते, आणि त्याला कुलूप होते.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही, हे गोव्यातील लोकांनी फार पूर्वी ओळखले. पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वायंगिणी नावाचा एक लहानसा किनारा आहे. तिथल्या एका हॉटेलासाठी सरकारने जमीन संपादित करून दिली, तेव्हा समुद्रावर जाणारी लोकांची वाट मोकळी ठेवण्याची अट करारात होती. पुढे हॉटेलच्या वाढीव बांधकामामुळे ती वाट अडली, म्हणून स्थानिक रहिवासी आणि गोवा फाउंडेशन ही संस्था न्यायालयात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. समुद्रकिनाऱ्यासारखी निसर्गसंपत्ती सरकारकडे लोकांचा विश्वस्त म्हणून असते आणि ती खासगी लाभासाठी लोकांपासून हिरावून घेता येत नाही, हे तत्त्व त्या निकालाच्या मुळाशी आहे. त्यानंतर गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम पाडण्यापासून वाचवले, हाही इतिहास आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. परंतु विश्वस्ताचे तत्त्व त्यामुळे पुसले गेलेले नाही. त्याच गोव्यात १९७०च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन उभारले होते आणि त्यातूनच पुढे सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. ज्या समाजाने किनाऱ्याजवळचा समुद्र आपल्यासाठी राखून घेतला, त्यालाच आता समुद्रापर्यंत जाण्याची वाट मागावी लागते, हे फार क्लेशदायक आहे.

वाळूच्या टेकड्यांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी ती वाटेच्या मुद्द्याला थोडी बाजूची असली तरी. हॉटेलसमोरची वाळू रोज पहाटे यंत्राने विंचरली जात असे. कचरा निघतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच यंत्राने मर्यादवेलही उपटली जाते. जांभळ्या फुलांची, शेळीच्या खुरासारख्या पानांची ही वेल वाळूला धरून ठेवते. भरतीच्या पाण्याने कुठवर यावे, ही मर्यादा ती राखते, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. ज्या हॉटेलात आम्ही समुद्राच्या सान्निध्यासाठी एवढे पैसे मोजतो, त्याच्यासमोर ती वेल औषधालाही शिल्लक नव्हती. रापणकारांच्या होड्या जिथे लागतात त्या भागात मात्र ती दाट होती.

आता माझ्या स्वतःच्या जबाबदारीविषयी. हॉटेल निवडताना आम्ही वापरतो त्या तपासणी तक्त्यात बेचाळीस मुद्दे आहेत. सभागृहात किती खुर्च्या मावतात, पडदा किती फुटांचा आहे, दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून गाड्यांची सोय होईल का, जैन जेवण वेगळ्या भांड्यांत शिजते का, वीज गेल्यास जनरेटर किती वेळात सुरू होतो, हे सारे त्यात आहे. साडेसात हजारांवरच्या खोलीला अठरा टक्के वस्तू व सेवा कर लागतो आणि हॉटेल गोव्यात असल्यामुळे महाराष्ट्रातील नोंदणीवर त्या कराची वजावट मिळत नाही, हेही आमच्या लेखा विभागाने त्यात लाल अक्षरांत लिहून ठेवले आहे. परंतु हॉटेलच्या हद्दीतून किंवा हद्दीलगत लोकांची जुनी वाट जाते का आणि ती खुली आहे का, हा प्रश्न त्या बेचाळीस मुद्द्यांत नव्हता. अकरा वर्षांत तो विचारावा असे मलाही सुचले नाही, आणि मी तर किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली आहे.

हा प्रश्न विचारण्याची ताकद सुट्टीवर आलेल्या एखाद्या कुटुंबापेक्षा कंपन्यांकडे कितीतरी अधिक असते. एखादे कुटुंब दोन रात्रींसाठी एक खोली घेते आणि त्यांनी तक्रार केली तर त्यांची बोळवण एखाद्या फळांच्या टोपलीवर होते. एक परिषद मात्र ऐंशी खोल्या तीन रात्री घेते, सभागृह घेते, सहा जेवणे घेते, आणि बऱ्याचदा ज्या आठवड्यात हॉटेल रिकामे असते त्या आठवड्यात घेते. त्यामुळे दरपत्रक देण्यापूर्वी हॉटेलचा विक्री विभाग आमच्या प्रत्येक प्रश्नाला लेखी उत्तर देतो. सभागृहातील पडदा दोन फुटांनी मोठा करून मिळतो, तर फाटकाचे कुलूप काढून मिळणार नाही असे मानण्याचे कारण नाही. औषध कंपन्या, बँका, विमा कंपन्या, सिमेंट आणि रंग बनवणाऱ्या कंपन्या, या सर्वांच्या परिषदा वर्षभर गोव्यात आणि आता कोकणातही होत असतात. त्यांच्या प्रशासन विभागांत काम करणाऱ्या माझ्या सहव्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे, की करारापूर्वी हॉटेलकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: किनाऱ्यावर जाणाऱ्या सार्वजनिक वाटा दाखवणारा नकाशा, त्या वाटा पहाटेपासून खुल्या असतात याची हमी, आणि भरतीच्या रेषेजवळ लोकांना मज्जाव करणारी कोणतीही पाटी नाही याची हमी. यासाठी एक रुपयाही जास्त खर्च येत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे, तो मी हलका मानत नाही. दीडशे माणसांची जबाबदारी माझ्यावर असते तेव्हा रात्री मलाही झोप लागत नाही. पण त्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंपण, पुरेसा उजेड आणि रक्षक असे उपाय आहेत. वाट मोकळी ठेवून हॉटेल सुरक्षित ठेवता येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय आजच विचारात घेण्याजोगा आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर अजून अशा हॉटेलांची रांग उभी राहिलेली नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिरोडा-वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन संपादित करण्याचा विषय नव्वदच्या दशकापासून वादात राहिला, आणि तिथल्या लोकांच्या मनातील भीतींमध्ये आपला समुद्र आपल्याला परका होईल ही भीती मोठी होती, हे मी माहेरच्या माणसांकडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. ज्या शिरोड्यात १९३० साली समुद्राच्या पाण्यातून मीठ घेण्याच्या हक्कासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तिथल्या लोकांना ही भीती वाटावी, यात नवल नाही. आता रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग आणि त्यावरील खाड्यांचे पूल यांची कामे हाती घेतली गेली आहेत. तो रस्ता पूर्ण झाल्यावर आज ज्या किनाऱ्यावर फक्त गावकरी आणि एखादा वाट चुकलेला पर्यटक असतो, तिथे जमिनीला गिऱ्हाईक येणार हे उघड आहे. २०१९ च्या अधिसूचनेत तर अशी तरतूद आहे, की ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्रातून, म्हणजे एरवी जिथे बांधकामाला मनाई असते त्या पट्ट्यातून, राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग जात असेल, तर त्या रस्त्याच्या जमिनीकडील बाजूला काही अटींवर हॉटेलांना परवानगी देता येते. रस्ता आणि हॉटेल एकाच वेळी येतील, तेव्हा त्यांच्यामधून समुद्रावर जाणाऱ्या पाणंदी कोण शोधणार आणि कोणत्या कागदावर शोधणार?

कोकणातल्या या वाटांची अडचण अशी आहे, की त्यांपैकी अनेक कुठेच लिहिलेल्या नाहीत. एखाद्याच्या माडाच्या बागेतून, दुसऱ्याच्या कुणग्याच्या मेरेवरून (भातखाचराच्या बांधावरून), कुणाच्या तरी अंगणाच्या कडेने माणसे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात आली. बागवाल्याने कधी अडवले नाही, म्हणून कुणी नोंद मागितली नाही. बाग विकली जाते तेव्हा खरेदीखतात ती वाट येत नाही, कारण सातबाऱ्यावर ती नसते. नवा मालक गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालतो आणि वाट संपते. माझ्याच माहेरी, आमच्या घरामागून समुद्रावर जाणारी एक वाट अशी बंद झाली आहे. तिथे हॉटेल नाही, मुंबईच्या एका गृहस्थांचा बंगला आहे. आता तिथून वळसा घालून जावे लागते. म्हणून माझी शासनाकडे अशी मागणी आहे, की किनारी व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे जेव्हा सुधारले जातील, तेव्हा प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीकडून ग्रामसभेत विचारून समुद्रावर जाणाऱ्या सर्व वहिवाटीच्या वाटांची नोंद घ्यावी आणि त्या नकाशावर दाखवाव्यात. भरती-ओहोटीच्या रेषा, खारफुटी आणि कासवांची अंडी घालण्याच्या जागा या नकाशांत जशा दाखवल्या जातात, तशाच वाटाही दाखवता येतील. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी, रस्त्याकडे आणि समुद्राकडे अशा दोन्ही टोकांना, "समुद्राकडे जाण्याची सार्वजनिक वाट" असा मराठी फलक ग्रामपंचायतीने लावावा. हॉटेलला परवानगी देताना त्या वाटेचा नकाशा परवानगीपत्राला जोडावा आणि वाट बंद आढळल्यास तक्रार कोणाकडे करायची, त्या अधिकाऱ्याचे पदनाम फलकावर लिहावे. आज त्या मासळीवालीने तक्रार करायची ठरवली, तर ती सुरक्षारक्षकाखेरीज कुणाला भेटू शकेल, हे मलाही सांगता आले नाही.

पुण्याला परतल्यावर मी आमच्या संचालकांसमोर हा विषय ठेवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि वर सांगितलेले तीन मुद्दे आमच्या तपासणी तक्त्यात घालण्यास संमती दिली. त्याचप्रमाणे, ज्या हॉटेलात आम्ही राहिलो त्यांना, त्यांच्या सेवेबद्दल आभार मानून, फाटक पहाटेपासून उघडे ठेवावे असे लेखी कळवण्यासही परवानगी दिली. त्या पत्राची पोच आली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही. पुढील वर्षीच्या परिषदेसाठी मी गोव्यातील दोन आणि रत्नागिरी जिल्ह्यातील एक अशा तीन हॉटेलांना प्रश्न पाठवले. एका हॉटेलने उत्तरच दिले नाही. दुसऱ्याने आपला किनारा "अत्यंत खासगी" असल्याची ग्वाही दिली, आणि तो गुण म्हणून सांगितला होता. तिसऱ्याने मात्र हाताने काढलेला एक नकाशा पाठवला. त्यात हॉटेलच्या दक्षिण कडेने समुद्रावर जाणारी वाट, तिच्यावरील विहीर आणि कोळीवाड्याच्या होड्या लागण्याची जागा दाखवली आहे, आणि खाली "वाट चोवीस तास खुली" असे लिहिले आहे. करारावर सही करण्यापूर्वी पुढच्या महिन्यात पहाटेच्या वेळी ती वाट मी स्वतः चालून पाहणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे